वाटेवरचं गाणं: वामनदादा कर्डक यांच्या गीतांकडे पाहताना



स्वतः गाणं लिहायचं, स्वतःच गायचं, आणि कुठल्याही कंपनीच्या पाठबळाशिवाय गावोगाव फिरून ते लोकांपुढे मांडायचं, या जगण्याला आज ‘इंडिपेंडंट सिंगर-साँगरायटर’ म्हणतात. पाठीला गिटार लावून फिरणारी तरुण मुलं आता आपल्या शहरांतून दिसतात. त्यांचं आम्हाला कौतुकच आहे. पण हे जगणं आपल्याकडे नवं नाही. आज आपण बोलणार आहोत ते वामनदादा कर्डकांविषयी.

१५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी त्यांचा जन्म झाला. पोटासाठी मुंबईत आले, कष्टाची कामं केली, अक्षरओळखही तिथेच, तरुणपणी झाली. १९४३ मध्ये पहिलं गीत लिहिलं, तेही एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर. १५ मे २००४ रोजी ते गेले. मधल्या साऱ्या वर्षांत आंबेडकरी विचार गाण्यात घालून हा माणूस वस्त्यावस्त्यांतून फिरला. १९७३ साली निघालेल्या त्यांच्या गीतसंग्रहाचं नावच ‘वाटचाल’ आहे.

आता प्रश्न असा, की या गाण्यांचं समीक्षेनं काय केलं? एक बाजू म्हणते, ‘लोककवी’, आणि हात जोडते. दुसरी म्हणते, ‘प्रचारगीतं’, आणि पान उलटते. दोन्हीकडे गाणं वाचायचं राहूनच जातं. आमचं म्हणणं असं आहे, की वामनदादांचं फिरणं हा त्यांच्या चरित्रातला केवळ तपशील नाही. ते त्यांच्या गाण्याच्या बांधणीत उतरलं आहे. तिथूनच वाचायला सुरुवात करावी लागेल.

पहिली गोष्ट चालीची. ‘उसनी चाल’ हा या गीतांवरचा नेहमीचा आक्षेप. पण जरा फिरत्या गायकाच्या जागी उभं राहून बघा. आज एक गाव, उद्या दुसरं. सगळा वाद्यवृंद बरोबर नेण्याइतकी बिदागी नसते. ढोलकीवाला बऱ्याचदा त्याच गावचा, पेटी असेल तर तीही तिथलीच. तालमीला वेळ कुठला? अशा वेळी सगळ्यांना ठाऊक असलेली चाल हीच त्यांची सामाईक स्वरलिपी होते. वादकाला ठेका सांगावा लागत नाही, आणि दुसऱ्या आवर्तनाला बायाबापड्यांसकट मंडप गायला लागतो.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात, दुष्काळानं उठलेल्या माणसांच्या लोंढ्याबरोबर फिरणारा ओक्लाहोमाचा वुडी गथ्री हेच करत होता. लोकांच्या तोंडी असलेल्या चाली घ्यायच्या आणि त्यांत आजचे शब्द भरायचे. तिकडे याला परंपरा म्हणतात. मग इकडे उसनवारी का म्हणायचं?

दुसरी गोष्ट मुखड्याची. छापील कवितेचा वाचक मागे जाऊन ओळ पुन्हा वाचू शकतो. वस्तीतल्या श्रोत्याला ती सोय नाही. गायक रात्री गाऊन सकाळच्या एसटीनं निघून जाणार. म्हणून मुखडा असा हवा, की तो श्रोत्याच्या ओठांवर राहिला पाहिजे. वामनदादांच्या मुखड्यांत बहुधा एकच विधान असतं, बोलीतलं, थेट कुणाला तरी उद्देशून केलेलं. अंतरे त्या विधानाचे पुरावे मांडत जातात. वादाची ही शिस्त आहे. सभेत जे भाषण करतं, ते इथे मुखडा आणि अंतरा मिळून करतात.

तिसरी गोष्ट नावाची. संतांच्या अभंगासारखी वामनदादांच्या गीतातही शेवटी नाममुद्रा येते, ‘वामन’. फिरत्या गीतकाराकडे आपल्या मालकीचा दुसरा कागद नसतो. गाणं एकदा लोकांत गेलं, की ते दुसऱ्या पार्टीत, दुसऱ्या गळ्यात, पुढे कॅसेटमध्ये जातं. ते नाव एवढाच त्याचा सातबारा. आणि वेळ कमी आहे म्हणून कुणी शेवटचं कडवं गाळलं, की सातबाराही गेला! गीतकाराला स्वामित्वधनातला आपला वाटा परस्पर लिहून देता येणार नाही, असं संरक्षण कॉपीराइट कायद्यात आलं ते २०१२ च्या दुरुस्तीनं. वामनदादांना जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती.

पण म्हणून सगळंच थोर म्हणायचं का? नाही. वाटेनं जसं दिलं तसं नेलंही. १४ एप्रिलच्या जयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत अशा गायकांचा खरा हंगाम. रोज नवं गाव, रोज नवी फर्माईश. त्या रेट्यात लिहिलेल्या गीतांत ठरलेली विशेषणं पुन्हा पुन्हा येतात. कुठे चालीची मात्रा भरायला शब्द ओढून आणलेला दिसतो. प्रसंगासाठी लिहिलेली काही गीतं प्रसंगाबरोबरच संपतात. हजारो गीतं लिहिणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे सांगण्यात त्याचा अपमान नाही. निवड केल्याशिवाय त्याची उंची दिसणारच नाही. अभ्यासकांनी कष्टानं त्यांची गीतं गोळा केली आहेत. आता पुढचं काम आहे पाठ ताडून पाहण्याचं: कुठलं कडवं मूळचं, कुठलं गाताना जोडलेलं, कुठल्या गावात काय बदललं. जुने गायक आणि श्रोते आहेत तोवरच हे काम होईल.

शेवटी ‘इंडिपेंडंट’ या शब्दाकडे येऊ. वामनदादा कंपनीपासून स्वतंत्र होते, पण लोकांवर पुरते अवलंबून होते. अशा गायकाची भाकरी, अंथरूण, परतीचं तिकीट, सगळं वस्तीच्या हाती. त्यामुळे श्रोता हा त्याचा गिऱ्हाईक राहत नाही, यजमान होतो. ज्याच्या घरी जेवलो, त्याला न कळणारं गाणं गाता येत नाही. वामनदादांच्या भाषेतला सोपेपणा आम्हाला तिथून आलेला दिसतो. आणि त्यांच्या गाण्यातला कठोरपणाही. कारण ते आपल्याच माणसांना जाबही विचारतात. जेवू घालणाऱ्याला त्याच्याच मंडपात ‘तू बाबासाहेबांच्या मार्गानं चालतोस का?’ असं विचारायला धाडस लागतं.

आजच्या तरुण गायकांनी वामनदादांची चाल घेऊ नये, काळ वेगळा आहे. पण आपण कुणाच्या भाकरीवर गातो, आणि त्याला काय विचारू शकतो, हा प्रश्न त्यांनी जरूर बरोबर न्यावा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.