पुसणाऱ्याचा वांटा

उपदेश हा देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडेच वाहतो, अशी समजूत आपल्या वाङ्मयचर्चेंत फार रूढ आहे. लीळाचरित्राच्या वाचकानें तरी ती टाकून द्यावी, असें आम्हांस वाटतें.

अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धपूर येथें म्हाइंभटांनीं तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत चक्रधरांच्या आठवणी ज्याच्या त्याच्या मुखांतून मिळवून हा ग्रंथ सिद्ध केला. म्हणूनच स्वामींच्या वचनाबरोबर त्याचें निमित्तही त्यांत राहिलें: स्थळ, प्रसंग आणि पुसणारा. महदाइसेसारखी जिज्ञासू शिष्या पुसत राहते, आणि तिच्या पुसण्यानें निरूपणाचा ओघ वळतो. पुढें केशिराजांनीं यांतील वचनें निवडून सूत्रपाठ बांधला. पाठांतरास तो सोयीचा खरा. परंतु प्रश्न गळतांच वचन आज्ञेसारखें वाटूं लागतें. पंथांतच मागाहून ‘प्रकरणवश’ लिहून सूत्रांचे प्रसंग पुन्हा सांगावे लागले, यांतच आमच्या म्हणण्याचा पुरावा आहे.

हा वाद जुन्या पोथ्यांपुरता नाहीं. याच जिल्ह्यांतील 30 गांवांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा उपक्रम झाला. ‘लॅन्सेट सायकायट्री’ मासिकांत 2017 सालीं आलेल्या लेखाप्रमाणें नैराश्यग्रस्तांपैकीं मदतीपर्यंत पोंचणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा 4.3 होतें, तें 18 महिन्यांच्या पाहणींत 27.2 झालें. ही गणना मोलाची आहे. पण ती उंबरठ्यावरची. आंत दोन माणसें बोललीं, त्यांत कोणीं कोणास वळविलें?

तेंही मोजतां येतें. कार्ल रॉजर्स यांनीं 1942 सालीं एका ध्वनिमुद्रित समुपदेशनाचा शब्दशः पाठ छापला. तेव्हांपासून साधन हातीं आहे. समजा, समुपदेशक ‘ताण’ म्हणतो आणि अकोल्याकडील शेतकरी ‘जिवाले घोर’ म्हणतो. घटकाभरानें शेतकऱ्याच्या तोंडीं ‘ताण’ आला, तर वजन एकीकडचें. समुपदेशकाच्या तोंडीं ‘घोर’ आला, तर दुसरीकडचें. मात्र तो शब्द त्यानें एरवींही किती वेळां उच्चारला असता, हें वजा केल्यावांचून त्यास परिणाम म्हणूं नये. शिवाय आपल्याकडे माणूस मोठ्यांचा शब्द आदबीनेंही उचलतो; तेवढ्यावरून त्याचें दुःख हलकें झालें, असें होत नाहीं.

तथापि ज्या संभाषणांत पुसणाऱ्याचें माप शून्य भरतें, तेथें उपदेश झाला असेल, समुपदेशन नव्हे. कर्जानें खचलेला मनुष्य दुसऱ्यांदा येईल, अशी शाश्वती कोण देणार? म्हाइंभटांनीं कांहीं मोजलें नाहीं. पण मोजण्याजोगें तें सारें राखलें. आजच्या समुपदेशकाच्या टिपणांतही सल्ल्याशेजारीं प्रश्न लिहिला जावा, एवढेंच आमचें मागणें आहे.