दोन इंचांचा पीळ

.२४३ विंचेस्टर आणि .२४४ रेमिंग्टन ही दोन काडतुसं अमेरिकेत एकाच वर्षी, १९५५ साली, बाजारात आली. नावात एका आकड्याचा फरक असला तरी दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच, ०.२४३ इंच. तरीही पहिल्याला हरणाच्या शिकाऱ्यांनी डोक्यावर घेतलं आणि दुसऱ्यावर आठ वर्षांत नाव बदलण्याची पाळी आली. या दोघांची नशिबं वेगळी झाली ती नळीच्या आतल्या पिळामुळे. विंचेस्टरच्या नळीतले आटे दहा इंचांत एक वेढा पुरा करत, रेमिंग्टनच्या नळीतले बारा इंचांत. या दोन इंचांचं रसग्रहण करावं असं मला फार दिवस वाटत होतं, कारण लहान व्यासाच्या गोळीने हरीण मारावं की नाही, या शिकाऱ्यांच्या कायमच्या वादाचं सगळं मर्म मला त्यांत दिसतं.

आधी या काडतुसांचा गोतावळा पाहू. अमेरिकेत कुरणात बिळं पाडणाऱ्या ग्राउंडहॉग आणि प्रेअरी डॉगसाठी .२२ व्यासाची, अतिवेगवान काडतुसं वापरतात. त्यांचा मुकुटमणी म्हणजे १९३५ सालचं .२२० स्विफ्ट. त्याची गोळी ४८ ग्रेनची. आपला जुना तोळा १८० ग्रेनांचा, म्हणजे ही गोळी पाव तोळ्याहून जराशीच जास्त. नळीतून सुटताना तिचा वेग सेकंदाला ४११० फूट! दुसरीकडे .२७० किंवा .३०-०६ सारखी हरणाची भारदस्त काडतुसं. उन्हाळ्यात ग्राउंडहॉग आणि पानगळीत हरीण मारणाऱ्याला दोन रायफली पाळाव्या लागत. दोन्ही कामं एकाच रायफलीने व्हावीत, या गरजेतून सहा मिलिमीटरची ही मधली वाट निघाली.

पण प्राणी लहान आणि प्राणी मोठा, एवढाच या दोन कामांतला फरक नाही. खरा फरक गोळीच्या घडणीत आहे. ग्राउंडहॉगसाठीच्या गोळीचं तांब्याचं कवच पातळ असतं आणि आतलं शिसं मऊ. ती लागताक्षणी, दोन-चार बोटं आत जाते न जाते तोच, फुटून विखुरते. हे मुद्दाम केलेलं असतं. इवल्या प्राण्याला क्षणात मरण येतं आणि गोळी जमिनीवर आपटून उसळत शेजारच्या गोठ्याकडे जात नाही. हरणाच्या बाबतीत मागणी नेमकी उलटी. तिथे गोळीने कातडी, बरगडी, प्रसंगी फऱ्याचं हाड भेदून काळीज-फुप्फुसांपर्यंत पोहोचायचं असतं. वाटेत ती उमलायला हवी, पण तुटता कामा नये. आणि पलीकडून बाहेर पडली तर उत्तमच, म्हणजे रक्ताचा माग नीट लागतो. पहिल्या जातीची गोळी हरणाच्या फऱ्यावर बसली तर वरवर भयंकर दिसणारी पण उथळ जखम होते. जनावर जायबंदी होऊन झाडीत शिरतं आणि दिवसचे दिवस हाल होऊन मरतं. शिकारीत याहून लाजिरवाणं काही नाही.

आता पुन्हा त्या दोन नळ्यांकडे वळू. रेमिंग्टनने ज्या काडतुसावरून प्रेरणा घेतली ते फ्रेड हंटिंग्टनचं ‘रॉकचकर’. रॉकचक म्हणजे खडकाळ मुलखातला मार्मट. त्यामुळे रेमिंग्टनच्या डोळ्यांसमोर लहान प्राणीच होते. त्यांनी ७५ ग्रेनची हलकी गोळी दिली, हरणासाठी फार तर ९० ग्रेनची, आणि हलक्या गोळ्यांना मानवणारा संथ पीळ ठेवला. विंचेस्टरच्या काडतुसामागे ‘फील्ड अँड स्ट्रीम’ मासिकाचे बंदूकविषयक संपादक वॉरन पेज यांचे प्रयोग होते. तिथे ८० ग्रेनची गोळी लहान प्राण्यांसाठी होतीच, पण शेजारी हरणासाठी १०० ग्रेनची खास गोळी होती.

गोळी जितकी लांब, तितकी तिला स्थिर उडण्यासाठी गिरकी वेगाने घ्यावी लागते. मंदावलेला भोवरा डुलू लागतो, तशी कमी पिळाची लांब गोळी हवेत डोलते. इंग्लंडच्या वुलिच इथल्या लष्करी अकादमीतले गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ सालीच याचं सूत्र मांडलं होतं, आणि त्यात गोळीच्या लांबीला मोठं स्थान आहे. १०० ग्रेनची गोळी सेकंदाला २९६० फूट वेगाने दहा इंची पिळातून सुटते तेव्हा ती सेकंदाला साडेतीन हजारांवर गिरक्या घेत असते. त्याच वेगाने बारा इंची पिळातून सुटली असती, तर गिरक्या तीन हजारांच्याही आत राहिल्या असत्या. म्हणून १०० ग्रेनच्या लांब, टोकदार गोळ्यांचा .२४४ मध्ये भरवसा देता येईना.

९० आणि १०० यांत अंतर ते किती? दहा ग्रेन, म्हणजे सोनाराच्या पाच-सव्वापाच गुंजा. ९० ग्रेनच्या चांगल्या गोळीने हरीण पडत नव्हतं असं मुळीच नाही. तरी गिऱ्हाइकाने .२४४ नाकारलं आणि त्याचा कल मला योग्यच वाटतो. शिकारी काडतूस विकत घेतो ते आदर्श क्षणासाठी घेत नाही. हरीण जरा तिरपं उभं असेल, आपला नेम चार बोटं पुढे जाऊन हाडावर बसेल, त्या वेळी हाताशी काय आहे, हा त्याचा प्रश्न असतो. .२४३ ने त्याला तेवढी उसंत दिली. रेमिंग्टनने पुढे पीळ नऊ इंचांवर आणला आणि १९६३ मध्ये तेच काडतूस ‘६ एमएम रेमिंग्टन’ म्हणून पुन्हा मांडलं. रायफल आता अधिक गुणी झाली होती, पण वेळ निघून गेली होती.

मला याची हळहळ वाटते, कारण निव्वळ देखणेपणात .२४४ उजवं आहे. त्याची मान लांब, गोळीला नीट धरून ठेवणारी. खांदा २६ अंशांचा, रेखीव. .२४३ ची मान आखूड आणि खांदा २० अंशांचा, उतरता. शिवाय .२४४ चं घराणं मोठं आहे. त्याची पुंगळी .२५७ रॉबर्ट्सवरून आली आणि ती ७×५७ माउझरवरून. हीच ७×५७ इंग्लंडमध्ये .२७५ रिग्बी म्हणून ओळखली जाते. १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा निकाल लावल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना जी रायफल भेट मिळाली, ती याच काडतुसाची. कुमाऊंच्या जंगलात गाजलेल्या पुंगळीचा अमेरिकेतला हा नातू.

लहान गोळीचे कैवारी ७×५७ चंच आणखी एक उदाहरण देतात. वॉल्टर ‘करामोजो’ बेल यांनी आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यांतले बरेचसे याच सात मिलिमीटरच्या गोळीने. मग .२२ ने हरीण का मरू नये? पण बेल यांची गोळी पूर्ण कवचबंद होती. ती न उमलता, न फुटता कवटीतून आरपार मेंदूत जायची, आणि शरीररचनेचा त्यांचा अभ्यासही तसाच पक्का. बेल यांच्या गोष्टीतून व्यासाची बाजू सिद्ध होत नाही, गोळीच्या घडणीची होते. गोळी फसल्यावर काय होतं हे जॉन नॉस्लर यांनी १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीत अनुभवलं. त्यातून त्यांनी मधोमध तांब्याची आडवी भिंत असलेली ‘पार्टिशन’ गोळी घडवली. तिचा पुढचा भाग उमलतो, मागचा अखंड राहून आत शिरतो. आज ही गोळी .२२ व्यासातही ६० ग्रेनमध्ये मिळते आणि तिने जुन्या वादाचं स्वरूप बरंच बदललं आहे.

हरीण म्हणजे कोणतं हरीण, हेही पाहायला हवं. अमेरिकेत बिळकऱ्यांसाठी गाजलेलं १९५० सालचं .२२२ रेमिंग्टन जर्मनीत रो-हरणाचं रूढ काडतूस आहे. रो अवघं वीस-पंचवीस किलोचं. जर्मन कायदा त्यासाठी व्यास सांगत नाही; १०० मीटरवर गोळीत १००० ज्यूल ऊर्जा उरली पाहिजे एवढंच म्हणतो. लाल हरणासारख्या मोठ्या जनावरांसाठी मात्र किमान साडेसहा मिलिमीटर आणि २००० ज्यूल, म्हणजे आपलं लाडकं .२४३ सुद्धा तिथे बाद. इंग्लंडने सर्वसाधारण रेषा .२४० इंच आणि १७०० फूट-पाउंडांवर आखली. अमेरिकेतल्या कोलोरॅडोने हरणासाठी ६ मिलिमीटर आणि किमान ७० ग्रेन अशी. व्यासाची ही रेषा ढोबळ आहे हे खरं. पण वनरक्षकाला रानात नळीचं माप घेता येतं. पुंगळीत बसलेल्या गोळीचं कवच किती जाड, हे उघडून बघता येत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळ-सांबरांची शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी. पण अमेरिकेत, युरोपात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी कोणी परवाना काढून हरणाच्या रानात उतरणार असेल, तर माझा कौल स्पष्ट आहे. पन्नास-शंभर किलोच्या हरणासाठी .२४३ आणि १०० ग्रेनची हरणासाठी घडवलेली गोळी, इथून खाली उतरू नये. धक्का सोसत नाही म्हणून किंवा घरात तीच रायफल आहे म्हणून .२२ च न्यायची असेल, तर आधी तिथला कायदा पाहा, मग काडतुसांच्या खोक्यावर गोळीची जात वाचा. गोळी बिळातल्या प्राण्यासाठी घडवलेली असेल तर रायफल घरीच ठेवा.