संगत आणि सामना

‘जुगलबंदी’ या शब्दाने आपल्या रसिकवर्गावर एक उपकार केला आहे आणि एक अपकारही. दोन कलावंतांनी एका बैठकीवर बसून एकच राग उलगडावा ही कल्पना त्याने लोकप्रिय केली, हा उपकार. आणि अशी बैठक म्हणजे जणू आखाडा असून कोण कोणास चीत करतो ते पाहावयास आपण जमलो आहोत अशी समजूत रूढ केली, हा अपकार. सवाल-जवाबाची घाई सुरू झाली की टाळ्यांचा कडकडाट होतो. परंतु घरी परतल्यावर कानांत काय उरले ते शोधू गेल्यास पुष्कळदा वेगाखेरीज काही हाती लागत नाही. दोन वाद्ये एकत्र येतात तेव्हा त्यांच्यात नेमके काय घडावे, याचा नव्याने विचार करावयास प्रस्तुत लेखकास एका परकीय ध्वनिमुद्रिकेने भाग पाडले. राल्फ टाउनर आणि जॉन ॲबरक्रॉम्बी या दोन अमेरिकन गिटारवादकांची ‘सार्गासो सी’ ही ती ध्वनिमुद्रिका. म्युनिक येथील ‘ईसीएम’ या संस्थेसाठी ती 1976 च्या मे महिन्यात ऑस्लो येथे मुद्रित झाली.

दोघांच्या हाती गिटार असली तरी ती दोन भिन्न वाद्ये आहेत, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. टाउनर यांची गिटार साधी, पोकळ लाकडी अंगाच्या घुमण्यावर बोलणारी. कधी ते नायलॉनच्या तारांची अभिजात पद्धतीची गिटार घेतात, तर कधी बारा तारांची. बारा तारांच्या गिटारीत तारा जोडीजोडीने बसविलेल्या असतात. खालच्या सुरांच्या चार जोड्यांत एक तार दुसरीच्या वरच्या सप्तकात लावतात. त्यामुळे एका आघातात दोन सप्तके उजळतात आणि सुराभोवती एक झिलई पसरते. ॲबरक्रॉम्बी यांची गिटार विजेवरची. तिच्या पोलादी तारांखाली चुंबक आणि त्यांभोवती वेटोळे असते. तार कंपित झाली की वेटोळ्यात सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो आणि तो यंत्राने हवा तेवढा मोठा करता येतो. नायलॉनच्या तारेला मात्र हे चुंबक दादच देत नाही. जणू निसर्गतःच ती तार या विद्युत्-साम्राज्याबाहेर राहिली आहे.

विजेची ही गिटार जन्मास आली तीच मुळी दुबळेपणावर उपाय म्हणून. 1930 नंतरच्या काळात अमेरिकेतील मोठ्या नृत्यवृंदांत पितळी वाद्यांच्या गर्जनेपुढे साधी गिटार केवळ ताल धरून राही; तिचे स्वतंत्र बोलणे कोणास ऐकू जात नसे. 1939 मध्ये चार्ली ख्रिश्चन हा तरुण विजेची गिटार घेऊन बेनी गुडमन यांच्या वृंदात आला आणि क्लॅरिनेटच्या बरोबरीने या वाद्याची स्वतंत्र वाक्ये प्रथमच मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत पोचली. 1942 साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, तो निवर्तला. पुढील पंचवीस-तीस वर्षांत मात्र चित्र पालटले. ज्या वाद्याला आवाज नव्हता त्याच्यापाशी इतका आवाज आला, की त्याच्या शेजारी बसून साध्या गिटारीने बोलावे ही गोष्टच अवघड होऊन बसली.

या दोघांच्या पूर्वायुष्यातही हाच विरोध दिसतो. 1940 साली वॉशिंग्टन राज्यात जन्मलेले टाउनर हे आधी पियानोवादक. गिटार त्यांनी वयाची विशी उलटल्यावर हाती घेतली आणि व्हिएन्नास जाऊन कार्ल शाइट यांच्यापाशी तिची अभिजात तालीम घेतली. 1944 साली जन्मलेले आणि 2017 साली दिवंगत झालेले ॲबरक्रॉम्बी बोस्टनच्या बर्कली विद्यालयात जॅझ शिकले आणि ढोलवादक बिली कॉबम यांच्या गर्जणाऱ्या वृंदात त्यांनी साथ केली. एक शांततेतून आला, दुसरा कोलाहलातून.

आता या दोघांना एका खोलीत बसविल्यावर काय व्हावयास हवे होते? सामान्य अपेक्षा अशी, की विजेची गिटार उंच स्वरात गाईल आणि साधी गिटार तिच्या पायाखाली सुरावटीचा गालिचा अंथरील. एक नायक, दुसरा सेवक. ‘सार्गासो सी’ मध्ये तसे घडत नाही. अनेक जागी चित्र उलटेच आहे. गतीचा, वळणांचा, आघाताचा भार टाउनर यांच्या तारा उचलतात आणि ॲबरक्रॉम्बी पायाखालच्या खटक्याने आवाज शून्यातून हळूहळू वर आणतात. तार छेडल्याचा आघात त्यामुळे लोपतो. राहतो तो केवळ लांबलेला सूर, एखाद्या सारंगियाने गायकाच्या ताना संपण्याची वाट पाहत गजाने धरून ठेवावा तसा. छेडलेल्या सुराचे दुःख हेच, की जन्मताच तो मरू लागतो. टाउनर यांचा सूर असा विझत असताना ॲबरक्रॉम्बी यांचा सूर त्याच्याच ऊबेवर उगवतो. कोठे एक संपला आणि दुसरा सुरू झाला हे कधी कधी सांगता येत नाही. आणि ज्या क्षणी ते सांगता येत नाही, तो क्षण या ध्वनिमुद्रिकेतील सर्वोत्तम होय.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो क्षुल्लक नाही. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत कोणते वाद्य मोठे आणि कोणते लहान हे वादक ठरवीत नाही. ध्वनिमुद्रकाची बोटे ठरवितात. मग ही समता खरी, की यंत्राने घडविलेली? विजेच्या गिटारीच्या संयमाचे श्रेय त्या कलावंतास द्यावे, की बटण फिरविणाऱ्यास? प्रस्तुत लेखकास असे वाटते, की बटणाने आवाज लहानमोठा करता येतो. सुरांची संख्या कमी करता येत नाही. दुसरा बोलत असता आपण गप्प राहावे की नाही, त्याचे वाक्य पुरते होऊ द्यावे की मध्येच हिसकावून घ्यावे, हे कोणतेही यंत्र ठरवीत नाही. ॲबरक्रॉम्बी यांनी जे वाजविले त्याहूनही जे वाजविण्याचे टाळले, त्यात त्यांची समज प्रकट होते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण म्हणून जॉन मॅक्लॉक्लिन, अल डि मेओला आणि पाको दे लुसिया यांच्या ‘फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को’ या 1981 साली प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिकेकडे बोट दाखविता येईल. तेथे तिन्ही गिटारी साध्याच आहेत, म्हणजे बळाचा प्रश्नच नाही. तरीही बव्हंशी तो सामनाच आहे. एकाने वीज चमकवावी, दुसऱ्याने त्याहून झगझगीत चमकवावी, आणि श्रोत्यांनी आरोळ्या ठोकाव्यात. त्या वादनातील तयारी थक्क करणारी आहे, हे नाकारणे कोतेपणाचे होईल. परंतु सामना आणि संगत यांतील भेद वाद्यांच्या बळावर अवलंबून नसून वादकांच्या वृत्तीवर आहे, हेच त्यावरून सिद्ध होते.

‘सार्गासो सी’ निर्दोष आहे असे मात्र नव्हे. अटलांटिक महासागरातील ज्या समुद्राचे नाव तिला दिले आहे त्याला किनारा नाही. भोवतीचे सागरी प्रवाह हीच त्याची सीमा. आयत्या वेळी स्फुरलेल्या काही भागांची स्थितीही तशीच आहे. दोन प्रवाह पुरेसे जोरकस नसले, की मधले पाणी स्थिर होते आणि श्रोता शेवाळात अडकतो. तालवाद्याचा आधार नसल्यामुळे अशा वेळी पुढे जाण्याची निकड कोणासच उरत नाही. ‘ईसीएम’चे निर्माते मान्फ्रेड आइखर यांना प्रिय असलेला तो दूरचा घुमारा सौंदर्य देतो, पण सगळ्याच वस्तूंवर एकसारखे धुकेही पसरवितो. शिवाय काही ठिकाणी ॲबरक्रॉम्बी विजेची गिटार बाजूस ठेवून साधी गिटार घेतात. ते वादन गोड आहे, पण तेथे भेदच नाहीसा झाल्यामुळे समेटाचे मोलही उतरते. दोन सारख्यांनी जुळवून घेण्यात विशेष ते काय? 1981 मध्ये मुद्रित झालेल्या ‘फाइव्ह इयर्स लेटर’ या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत दोघे एकमेकांस अधिक ओळखतात, आणि पहिल्या भेटीतील सावध आदराची जागा काहीशा सैल परिचयाने घेतली आहे. माझे मत पहिलीच्या बाजूने पडते.

टाउनर यांच्या ‘ऑरेगॉन’ या वृंदातील कॉलिन वॉलकॉट हे सतार आणि तबला वाजवीत. पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ यांच्यापाशी त्यांनी विद्या घेतली होती. एवढ्यावरून हा संगतीचा गुण त्यांनी आपल्याकडून उचलला असा अभिमान मिरविण्याचे कारण नाही. उलट आपणच आपल्या घरातील ठेव विसरत चाललो आहोत की काय, हा प्रश्न स्वतःला विचारावा. कलकत्त्यास घर करून राहिलेले पंडित व्ही. जी. जोग यांचे व्हायोलिन आणि उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई यांच्या जुगलबंदीचे वाचकांपैकी अनेकांस स्मरण असेल. सनई हे मंदिराच्या नगारखान्यातले, मैदान भरून टाकणारे वाद्य. व्हायोलिन तिच्यापुढे किती नाजूक! तरीही त्या बैठकीत व्हायोलिन गुदमरले नाही. खाँसाहेबांनी सनईला कुजबुजावयास शिकविले होते आणि जोगांनी आपल्या गजाला निर्भयपणे उत्तर देण्यास. दोन्ही गोष्टी सारख्याच दुर्मिळ आहेत.

ज्याच्यापाशी बळ अधिक त्याने आवाज कोठे उतरवावा, आणि ज्याच्यापाशी कमी त्याने भीड कोठे सोडावी, हा केवळ संगीतातील प्रश्न नाही. कचेरीत टेबलाच्या अलीकडे बसणारा आणि पलीकडे उभा राहणारा यांच्यातही तो रोज उभा असतो. अधिकाराने शांतता मिळविता येते. संवाद मिळविता येत नाही. ‘सार्गासो सी’ ऐकताना विजेची ती बलवान तार शेजारच्या लाकडी सुरासाठी थांबते, त्याचे पुरते बोलून होईतो थांबते, आणि मगच हलकेच आपला सूर लावते. श्रोत्याने ऐकावे ते हे थांबणे.