जास्त हवा, जास्त ताकद? एका पारितोषिकाची फेरतपासणी

बदनापूरच्या एका विद्यार्थ्याने विज्ञान प्रदर्शनात मांडलेला प्रयोग आम्ही परीक्षक म्हणून पाहिला. पुण्याच्या मामाने दिलेला, रेडिओच्या साहाय्याने दुरून चालवायचा खेळातला ट्रक त्याने आणला होता. हा ट्रक बॅटरीवर पळणारा नव्हता. त्यात अडीच घनसेंटिमीटरचे खरेखुरे टू-स्ट्रोक इंजिन होते. अशा इंजिनाचे इंधन म्हणजे मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणाचे तेल यांचे मिश्रण. म्हणून शौकीन मंडळी त्याला 'नायट्रो' म्हणतात.

विद्यार्थ्याने इंजिनाच्या हवा घेण्याच्या मार्गात तीन बदल केले होते. हवा गाळणारा स्पंजाचा फिल्टर काढून टाकला होता. कार्ब्युरेटरचा घसा गोल कानशीने घासून रुंद केला होता. आणि त्यापुढे प्लॅस्टिकच्या बाटलीचे तोंड कापून नरसाळे बसवले होते. फलकावर लिहिले होते : 'जास्त हवा, जास्त ताकद'. मैदानात ट्रक स्टँडवर ठेवून, चाके अधांतरी ठेवून, इंजिन सुरू केले तेव्हा ते असे किंचाळले की सारी गर्दी तिकडे लोटली. आम्ही त्याला पहिले पारितोषिक दिले.

पुढे दोन महिन्यांनी कळले की ते इंजिन जाम झाले. विद्यार्थ्याने निष्कर्ष काढला की इंजिनच कच्चे होते. वडिलांच्या मोटारसायकलचा फिल्टर काढण्याच्या बेतात तो आहे, हेही कळले. तेव्हा आमच्या निर्णयाची तपासणी करणे आम्हाला भाग पडले.

प्रथम त्याच्या बाजूने जे बोलायला हवे ते बोलू. इंजिन म्हटले की आपण वर्गात इंधनाबद्दल बोलतो, हवेबद्दल फारसे बोलत नाही. वास्तविक १ किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. अडीच घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला एकदा हवा घेते. मिनिटाला ३०,००० फेरे धरले तर ही हवा ७५ लिटर होते. प्रत्यक्षात काहीशी कमी भरत असेल, पण शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ लिटर हवा घेतो, हे लक्षात घेतले म्हणजे या एवढ्याशा यंत्राची भूक ध्यानात येते. ताकदीची वाट हवेतून जाते, हे या मुलाने ओळखले. ते खरेच आहे.

परंतु हवेची टंचाई दूर करण्याचा उपाय या इंधनातच आहे, हे त्याच्या ध्यानात आले नाही. १ किलो मेथॅनॉलला सुमारे साडेसहा किलो हवा पुरते, तर १ किलो नायट्रोमिथेनला केवळ १.७ किलो. नायट्रोमिथेनच्या रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू असतात, म्हणजे हे इंधन आपली शिदोरी काही अंशी बरोबर घेऊन येते. म्हणूनच तेवढ्याच हवेत अधिक इंधन जाळता येते.

आता पहिला दोष. कार्ब्युरेटरचा घसा म्हणजे नुसता दरवाजा नव्हे. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी (१७४६–१८२२) याच्या नावाने ओळखली जाणारी ती अरुंद नळी आहे. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो, तेथील दाब उतरतो आणि त्या उताराने इंधन ओढले जाते. समजा घशाचा व्यास ५ मिलिमीटर होता आणि तो ६ झाला. क्षेत्रफळ २५ ला ३६ या प्रमाणात वाढले. हवा तेवढीच जात असेल तर वेग ६९ टक्क्यांवर येईल. दाबाचा उतार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून तो ४८ टक्क्यांवर, म्हणजे निम्म्याहूनही खाली येईल. अशा ट्रकांत सायलेन्सरमधून इंधनाच्या टाकीवर थोडा दाब दिलेला असतो आणि रुंद घशातून हवाही काहीशी जास्त जाते. त्यामुळे प्रत्यक्ष आकडा वेगळा येईल. पण दिशा हीच राहील : हवा वाढली, इंधनाची ओढ घटली.

असे कमी इंधनाचे मिश्रण काही काळ इंजिनाला चपळ बनवते, आवाज तीक्ष्ण होतो. आम्ही त्या आवाजालाच ताकद समजलो. पण या इंजिनाला वेगळे ऑइल नसते. वंगण इंधनातूनच येते. इंधन घटले की तेल घटले, आणि नेमकी त्याच वेळी उष्णता वाढली. इंजिन किंचाळत होते ते बहुधा तेलावाचून. जाणकार शौकीनही घसा मोठा करतात, पण त्याबरोबर सुई उघडून इंधन वाढवतात, आणि धुराकडे व इंजिनाच्या तापमानाकडे लक्ष ठेवतात. म्हणजे बदल करणे चूक नव्हते. एक बाजू बदलून दुसरी तशीच ठेवणे चूक होते.

दुसरा दोष फिल्टरचा. बदनापूरच्या परिसरातील काळी माती बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली आहे. बेसॉल्टमधील फेल्डस्पारची कठीणता मोह्जच्या मापावर ६ असते, आणि ॲल्युमिनियमची ३ पेक्षाही कमी. या छोट्या इंजिनांचा दट्ट्या सहसा ॲल्युमिनियमचा असतो. तो नळकांड्यात इतका घट्ट बसवलेला असतो की अनेक इंजिनांत त्याला रिंगही नसते. तेथे मिनिटाला काही डझन लिटर धुळीची हवा सोडणे म्हणजे आत पॉलिशपेपर फिरवणे होय. याचा उत्तम धडा शेतातच आहे. जुन्या ट्रॅक्टरच्या आणि डिझेल इंजिनाच्या फिल्टरखाली तेलाची वाटी असते. आत येणारी हवा तेलाजवळ एकदम वळते. जड धूळकणांना वळता येत नाही, ते तेलात अडकतात. मळणीच्या दिवसांत ही वाटी उघडून पाहिली तर तळाशी गाळ साचलेला दिसतो. फिल्टर नसता तर तो गाळ कोठे गेला असता, हे मुलांना विचारावे.

तिसरा दोष नरसाळ्याचा. धावत्या ट्रकची हवा नरसाळ्यात कोंबली जाईल, ही कल्पना. हिशेब सोपा आहे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. हवेची घनता घनमीटरला १.१ किलो धरली तर वेगामुळे मिळणारा दाब सुमारे १०८ पास्कल येतो. वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल. म्हणजे लाभ फार तर हजारात एक. शिवाय प्रदर्शनात ट्रक स्टँडवर उभा होता. त्याचा वेग शून्य होता, आणि हे आम्हा तिघा परीक्षकांपैकी एकालाही सुचले नाही.

चौथा दोष सर्वांत मोठा, आणि तो विद्यार्थ्याइतकाच आमचा. ताकद कोणीच मोजली नव्हती. बदलाआधीचा आकडा नव्हता, नंतरचाही नव्हता. मोजायला महागडे उपकरण लागते असेही नाही. ५० मीटर अंतर आखून, थांबलेल्या ट्रकला ते कापण्यास किती सेकंद लागतात ते दहा-दहा वेळा पाहता आले असते. मात्र बदल एका वेळी एकच हवा आणि दोन्ही मोजण्या लागोपाठ हव्यात. बदनापूरला जानेवारीत पहाटे १२ अंश सेल्सिअस असेल आणि मे महिन्यात दुपारी ४२, तर दाब तोच धरूनही दुपारची हवा सुमारे साडेनऊ टक्क्यांनी विरळ असते. सकाळी जुने इंजिन व दुपारी नवे तपासले तर आपण इंजिन नव्हे, ऊन मोजू.

वर्गात हे इंजिनाशिवाय दाखवता येते, आणि तसेच दाखवावे. मेथॅनॉल विषारी आहे, त्याची ज्वाला उन्हात जवळजवळ दिसत नाही. ते मुलांच्या हाती देऊ नये. त्याऐवजी एक रुंद व एक अरुंद अशा दोन नळ्या एकापुढे एक घट्ट जोडा. अरुंद नळीसाठी बॉलपेनची रिकामी नळी चालेल. प्रत्येकीच्या बाजूला छिद्र पाडून त्यात सलाइनच्या नळीचा हातभर तुकडा मेणाने बसवा. दोन्ही तुकड्यांची खालची टोके खाण्याचा रंग घातलेल्या पाण्यात बुडवा. आता अरुंद नळीच्या टोकाकडून तोंडाने हवा ओढा. दोन्हींतून जाणारी हवा एकच आहे, तरी अरुंद नळीकडे पाणी अधिक चढलेले दिसेल. कार्ब्युरेटरचा घसा अरुंद का, याचे उत्तर तेथेच मिळते. नळ्यांचे व्यास आणि पाण्याची चढण मोजून तक्ता केला तर आठवी-नववीच्या मुलांना पुरेल एवढे गणितही त्यात आहे.

आम्ही त्या विद्यार्थ्याला भेटलो आणि वरील हिशेब त्याच्यासमोर मांडला. पारितोषिक परत मागितले नाही. चूक पारितोषिक देणाऱ्यांची होती. मोटारसायकलचा फिल्टर जागेवर ठेवून, तो स्वच्छ असताना आणि धुळीने भरलेला असताना एका लिटरला किती किलोमीटर पडतात याची नोंद वडिलांकडून घ्यावी, असे आम्ही सुचवले. त्याने वही घातली आहे. यापुढे प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाऊ तेव्हा मांडणी पाहण्याआधी आम्ही अशी वही मागणार आहोत. शिक्षकांनीही नळ्यांचा प्रयोग करून आपले आकडे आम्हाला जरूर कळवावेत.