रंकाळ्याचा काठ : उद्यानरचनेची एक समीक्षा

नागरी उद्यानरचनेचा विचार करताना हिरवळ, कारंजी व बाके यांपलीकडे आपली दृष्टी सहसा जात नाही. कोल्हापूरचा रंकाळा या संदर्भात अभ्यसनीय ठरतो. तलावातील दगडी संध्यामठ पाणी वाढले की बुडतो, ओसरले की उघडा पडतो; पाण्याचा चढउतार गृहीत धरूनच तो उभा आहे. याउलट चौपाटीची रचना पाण्याकडे केवळ देखावा म्हणून पाहते. फिरावयास येणाऱ्यांची सोय तिने उत्तम साधली, हे मान्यच करावे लागेल. सायंकाळची गर्दी त्याची साक्ष देते. परंतु तलावात मिसळणारे सांडपाणी आणि त्यावर पोसणारी जलपर्णी हा प्रश्न वर्षानुवर्षे रचनाकाराच्या कक्षेबाहेरच राहिला. काठ सुशोभित आणि पाणी दूषित, ही विसंगती केवळ प्रशासकीय नव्हे; तो सौंदर्यदृष्टीचाच दोष होय.

चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८७२ ते १८७६ या काळात बांधलेल्या टाऊन हॉलभोवतीची बाग तुलनेने साधी, पण तेथे जुन्या वृक्षांची सावली हेच रचनेचे मुख्य अंग आहे. रंकाळ्यावर पाण्याला ते स्थान मिळावयास हवे होते. याच शहरात वरुणतीर्थ तलाव बुजवून गांधी मैदान झाले, आणि पावसाळ्यात त्या मैदानाचे पुन्हा तळे होत आले आहे.