फरक किती, आणि कशाचा?

आज अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल बोलू. फुटबॉल म्हणजे आपलं पायानं खेळायचं नव्हे. डोक्याला हेल्मेट, हातात लंबगोल चेंडू, ते. या खेळाच्या चर्चेत एक वाक्य सारखं कानावर पडतं: ‘गुणफलकच सांगतो ना, कोण मोठं ते!’ मला आज या वाक्याशीच भांडायचं आहे.

७ ऑक्टोबर १९१६. अटलांटात जॉर्जिया टेकनं कंबरलँडला २२२-० असं हरवलं. मध्यंतरालाच १२६-० झाले होते. टेकचे प्रशिक्षक जॉन हाइझमन; कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मानाचा पुरस्कार आज त्यांच्याच नावानं दिला जातो. पण कंबरलँडनं त्या वर्षी आपला फुटबॉल संघ बंद केला होता. सामना टाळला तर दंड भरावा लागणार, म्हणून जमतील ती पोरं गोळा करून पाठवली. आता सांगा, २२२ या आकड्यावरून टेकची ताकद किती कळते? फारशी नाही. समोर धड संघच नव्हता.

आता अलीकडचं बघा. ३१ डिसेंबर २०२२ च्या उपांत्य सामन्यात जॉर्जियानं ओहायो स्टेटला ४२-४१ असं हरवलं. शेवटच्या क्षणी ओहायोची एक किक चुकली, नाहीतर जॉर्जिया घरी गेलं असतं. त्याच दिवशी टीसीयूनं मिशिगनला ५१-४५ असं हरवलं. नऊ दिवसांनी अंतिम सामना झाला: जॉर्जिया ६५, टीसीयू ७. लोक म्हणाले, टीसीयूची तिथे लायकीच नव्हती. अहो, पण एका किकवर वाचलेला संघ नऊ दिवसांत अजिंक्य झाला का? एका संध्याकाळचा आकडा आपण दोन संघांच्या कुंडलीसारखा वाचतो, ही चूक आहे.

या आकड्याला आणखी एक खोड आहे. तो मोजला जातोय हे कळलं की संघ त्याच्यासाठी खेळू लागतात. नेट रन रेटसाठी जिंकलेल्या सामन्यातही घाई करणारे संघ आपण क्रिकेटमध्ये पाहिलेच आहेत. म्हणून बीसीएस पद्धतीत २००२ पासून संगणकी क्रमवारीतून गुणांचं अंतर काढून टाकलं. हेतू चांगला होता. पण संगणकाचे डोळे बांधले, माणसांचे उघडेच राहिले. मत देणारा माणूस ४० गुणांचा विजय विसरत नाही.

यात कोणाचं नुकसान होतं? २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटनं १३ पैकी १३ सामने जिंकले. नोव्हेंबरमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी झाला होता. निवड समितीनं त्यांना पहिल्या चारांत घेतलं नाही. मग ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियानं त्यांना ६३-३ असं धुतलं, आणि लगेच निकाल लागला: ‘बघा, समिती बरोबर होती!’ पण त्या दिवशी त्यांचे बरेच मुख्य खेळाडू उतरलेच नव्हते. आधी दार बंद करायचं, आणि मग उरलेल्या संघाच्या पराभवाला पुरावा म्हणायचं, हा न्याय नव्हे.

मग समतोल खरोखर कुठे बिघडतो? व्यावसायिक एनएफएलमध्ये सर्वांत मागे राहिलेल्या संघाला नवे खेळाडू निवडायची पहिली संधी मिळते. कॉलेजात उलटं आहे. तिथे खेळाडूच कॉलेज निवडतो, आणि चांगला खेळाडू जिंकणाऱ्याकडेच जातो. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावता येऊ लागले, म्हणजे श्रीमंत चाहत्यांचं वजनही तागडीत पडलं. फलकावर दिसतो तो ताप. दुखणं हे आहे.

२०२४ मध्ये स्पर्धा १२ संघांची केली. पहिल्या फेरीतले चारही सामने १० किंवा जास्त गुणांनी सुटले, तशी ओरड झाली: दुबळ्यांना कशाला बोलावलं? पुढच्याच फेरीत, थेट प्रवेश मिळालेले चारही संघ हरले. आता दुबळे कोण?

तेव्हा मंडळी, समतोल तपासायचा तर ‘किती गुणांनी हरले’ एवढ्यावर थांबू नका. ‘हरलेल्याला पुढच्या वर्षी जिंकायची वाट उरली आहे का’, हे विचारा. २००७ मध्ये ॲपलाचियन स्टेटनं मिशिगनला त्यांच्याच मैदानावर ३४-३२ असं हरवलं. फरक दोन गुणांचा. पण तो सामना आजही लोकांच्या लक्षात आहे, कारण त्यांना मैदानावर उतरू दिलं होतं.