व्यंगचित्राचा आस्वाद : व्यंग की व्यंग्य?

‘व्यंगचित्र’ ही संज्ञा मराठीत इतकी रूढ झाली आहे की, तिच्यातील संदिग्धता सहसा कोणास जाणवत नाही. ‘व्यंग’ म्हणजे न्यून वा विकृती. ‘व्यंग्य’ म्हणजे सूचित अर्थ. पहिला अर्थ धरला, तर व्यंगचित्र म्हणजे लांबविलेले नाक व फुगविलेले पोट. दुसरा धरला, तर ती रेषेने साधलेली सूचना ठरते. आपला नवशिका चित्रकार आणि आपला समीक्षक हे दोघेही बहुधा पहिल्याच अर्थापाशी थांबतात, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

शि. द. फडणीस यांनी ‘मोहिनी’च्या दिवाळी अंकासाठी काढलेले एक गाजलेले मुखपृष्ठ या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. तरुणीच्या साडीवर मांजरांची नक्षी आहे. शेजारच्या तरुणाच्या सदऱ्यावर उंदरांची. भरताने हास्यरसाच्या विभावांत विकृत वेषाची गणना केली आहे. येथे मात्र साडी विकृत नाही, सदराही नाही. दोन्ही वस्त्रे निरनिराळी पाहिली, तर ती केवळ नक्षीदार कापडे होत. हास्य उपजते ते त्यांच्या सान्निध्यातून. मांजर व उंदीर यांचे वैर चित्रकार सांगत नाही. प्रेक्षकाच्या मनात ते जागे होईल एवढीच योजना करतो. ते वैर स्त्रीपुरुषांच्या नात्याकडे वळताच वाच्यार्थामागून व्यंग्यार्थ उमटतो. मांजरे अक्राळविक्राळ काढली असती, तर विनोद आधीच उघड झाला असता आणि प्रेक्षकास शोधण्याजोगे काही उरले नसते.

मात्र यावरून शब्दहीनता हाच श्रेष्ठतेचा निकष मानणे युक्त नव्हे. ‘टाइम्स ऑफ इंडिया’तील आर. के. लक्ष्मण यांच्या चौकटीखाली ओळ असे, आणि ती झाकली तर चित्र बहुधा अपुरे राही. परंतु ती ओळ दुसऱ्याच कोणाच्या तोंडची असे. ‘कॉमन मॅन’ मुकाट्याने ऐकत असे. बोलणाऱ्याचा विनोद ओळीत होता, त्या मौनाचा अर्थ केवळ रेषेत. तेव्हा शब्दांनी न सांगितलेले असे रेषा काय सांगते, हाच खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर ‘काहीच नाही’ असे येत असेल, तर ते व्यंगचित्र नसून सचित्र चुटका आहे.

ही कला शिकावी कशी, याचेही दिग्दर्शन येथेच मिळते. फडणीस यांचे शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत झाले, वसंत सरवटे (१९२७–२०१६) हे व्यवसायाने अभियंता होते. मार्ग भिन्न असूनही निरीक्षण आणि अनावश्यक ते वगळण्याचा विवेक हे दोघांच्या रेषेत समान आहेत. प्रमाणबद्ध आकृती ज्यास साधत नाही, त्याची अतिशयोक्ती ही अतिशयोक्ती नसून चूकच असते.

१९६५ साली ‘हसरी गॅलरी’ हे फडणीसांच्या चित्रांचे प्रदर्शन जहांगीर कलादालनात भरले. दालनाने जे मान्य केले, ते आपल्या अभ्यासाने अद्याप पुरतेपणी मान्य केलेले नाही. ग्रंथालयांतून नियतकालिकांची बांधणी करताना मुखपृष्ठे पुष्कळदा काढून टाकली जातात आणि आपण उरलेल्या मजकुरासच वाङ्मयेतिहासाचे साधन समजतो. व्यंग्यार्थाचा विचार करणाऱ्या परंपरेस हे शोभत नाही. आस्वादाची पहिली अट ही की, आस्वाद्य वस्तू समोर शिल्लक असली पाहिजे.